जमीन आधी, रूळ नंतर

मॉडेल रेल्वेच्या टेबलावर रूळ आधी येतात आणि डोंगर मागाहून. लाकडी चौकट उभी राहते, रुळांचा मार्ग ठरतो, गाडी फिरवून बघितली जाते आणि मग उरलेल्या जागेत टेकड्या, झाडं, घरं बसवली जातात. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो. सह्याद्रीचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि बोरघाटातून रेल्वे वर चढली ती १८६३ मध्ये. म्हणून लेआउटवरचा देखावा खरा वाटायचा असेल, तर हा उलटा क्रम बघणाऱ्याच्या लक्षात येता कामा नये. रूळ वळले आहेत कारण डोंगराची सोंड आडवी आली. पूल आहे कारण खाली ओढा आहे. बोगदा आहे कारण वळसा घालायला जागाच नव्हती. ही कारणं दिसली की साध्या साहित्यातला लेआउटसुद्धा पटतो. केवळ बोगदा हवा म्हणून टेबलाच्या कोपऱ्यात ठेवलेला एकटा डोंगर मात्र कितीही महागडं गवत लावलं तरी टोपलीसारखाच दिसतो.

बोरघाट या दृष्टीनं फार मोठा शिक्षक आहे. कर्जत ते लोणावळा हे रेल्वेनं २८ किलोमीटर अंतर आणि तेवढ्यात सुमारे साडेपाचशे मीटरची चढण. जास्तीत जास्त चढ ३७ला १. यापेक्षा तीव्र चढ त्या काळच्या इंजिनांना सहज झेपणारा नव्हता, म्हणून मार्गानं डोंगराच्या अंगाअंगानं जायचं, सोंड आली की बोगदा, घळ आली की कमानींचा पूल, असं करत माथा गाठला. अभियंते जेम्स बर्कली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीशी केलेली ही तडजोड आजही पुण्याच्या गाडीच्या खिडकीतून वाचता येते. लेआउट बांधणाऱ्यानं एकदा तरी हा प्रवास केवळ त्यासाठी करावा. कटिंग कुठं सुरू होतं, भराव कुठं संपतो, बोगद्याच्या तोंडावरची घडीव दगडी बांधणी कातळाला नेमकी कुठं टेकते, पावसाचं पाणी रुळांखालून कुठून जातं, एवढंच पाहिलं तरी पुढचं निम्मं काम सोपं होतं.

हा विचार मॉडेल रेल्वेत तसा उशिरा आला. सुरुवातीच्या काळात सगळं कौतुक इंजिनांचं आणि डब्यांचं होतं. गाड्या सपाट फळीवर धावत आणि देखावा म्हणजे एखादं स्टेशन, चार झाडं. इंग्लंडमध्ये जॉन अहर्न यांनी १९३०च्या दशकात ‘मॅडर व्हॅली’ नावाची काल्पनिक रेल्वे बांधायला घेतली आणि चित्र बदललं. त्यांच्या लेआउटवर गावं होती, गल्ल्या होत्या, नदी होती, बंदर होतं आणि रेल्वे या सगळ्यातून वाट काढत जात होती. हा लेआउट आज ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनहॅम गावी पेंडन संग्रहालयात जपून ठेवला आहे.

पेंडनची स्वतःची कहाणी तर मला अहर्न यांच्याहूनही मोठी वाटते. रॉय इंग्लंड हा ऑस्ट्रेलियातला तरुण १९२५ मध्ये इंग्लंडला आला आणि ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’ या खोऱ्याच्या प्रेमात पडला. गवती छपरांची जुनी घरं डोळ्यांदेखत बदलत होती. ती जाण्याआधी त्यांची मापं, रंग, विटांची रचना, परसातली फुलं, सगळं टिपून १:७६ या प्रमाणात उभं करायचं त्यानं ठरवलं. १९५४ मध्ये संग्रहालय सुरू झालं आणि स्वयंसेवकांच्या पिढ्यांनी ते काम पुढं नेलं. पुठ्ठ्याच्या भिंतीवर एकेक वीट कोरायची आणि जलरंगानं वेगवेगळ्या छटेत रंगवायची, ही तिथली रीत. एका घरावर महिनोन्‌महिने जातात. तिथं रेल्वे आहे, उत्तम आहे, पण जीव ओतलेला आहे तो खोऱ्यात.

अमेरिकेत याच सुमारास जॉन ॲलन यांनी दुसरी वाट धरली. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथल्या घराच्या तळघरात त्यांनी ‘गोरी अँड डिफीटेड’ हा काल्पनिक रेल्वेमार्ग बांधला. डोंगर जमिनीपासून छतापर्यंत नेले, जागा मोठी भासावी म्हणून आरसे दडवले. ॲलन व्यवसायानं छायाचित्रकार. त्यामुळे उजेड आणि जुनाटपणा या दोन गोष्टी त्यांना इतरांपेक्षा आधी दिसल्या. लाकूड करडं पडतं, लोखंड गंजतं, रंगाचे पोपडे निघतात, इंजिनावर काजळी बसते. हे सगळं छोट्या प्रतिकृतीवर आणल्याशिवाय ती खेळण्यासारखी दिसणार, हे त्यांनी छायाचित्रांतून दाखवून दिलं. १९७३च्या जानेवारीत ते गेले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आगीत तो लेआउट जवळजवळ सगळा नष्ट झाला. आज उरली आहेत ती छायाचित्रं, आणि ती अजूनही अभ्यासली जातात.

आता प्रमाणाचं गणित. जगात सर्वाधिक चालणारं प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. पुण्यातलं १९९८ मध्ये सुरू झालेलं जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय आणि हॅम्बुर्गचं २००१ मध्ये उघडलेलं ‘मिनिआतुर वुंडरलँड’, दोन्ही याच प्रमाणातली. एचओमध्ये माणूस १९ मिलिमीटरचा होतो, बारा मीटर उंच आंबा १४ सेंटिमीटरचा. इथवर ठीक. पण कर्जत-लोणावळा मार्ग या प्रमाणात ३२० मीटर लांब आणि सव्वासहा मीटर उंच होईल. दूधसागर धबधबा साडेतीन मीटरचा होईल. वुंडरलँडमधलं मॅटरहॉर्न शिखर दोन मजले भेदून सुमारे सहा मीटर उभं आहे, तरी हिशेबानं ते जेमतेम सव्वापाचशे मीटरच भरतं, आणि खरं शिखर ४,४७८ मीटरचं. म्हणजे निसर्ग प्रमाणात बसवणं कुणालाच शक्य नाही. कापावं लागतंच. प्रश्न एवढाच, की काय कापायचं. माझं मत असं, की सगळंच थोडंथोडं लहान करण्यापेक्षा एकच तुकडा निवडावा आणि त्याला पुरेशी जागा द्यावी. एक बोगद्याचं तोंड, त्यापुढचं कटिंग, घळीवरचा पूल, बस्स. दोन मीटरच्या टेबलावर लोणावळा स्टेशन, घाट आणि कर्जत असं तिन्ही बसवायला गेलं, की घाटच उरत नाही.

आणखी एक निवड आधीच करावी लागते: काळ आणि महिना. कल्याण-पुणे मार्गाचं विद्युतीकरण १९३०च्या सुमारास झालं. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावू लागली तीच मुळी विजेच्या इंजिनानं. वाफेच्या इंजिनांचा जुना घाट दाखवायचा असेल तर वरच्या तारा आणि खांब नकोत. महिन्याचं महत्त्व तर आपल्याकडे युरोपपेक्षा कितीतरी जास्त. एप्रिलमधला सह्याद्री वाळल्या गवताचा, करपलेल्या पट्ट्यांचा, कोरड्या ओढ्यांचा. जुलैत तोच डोंगर हिरवा, कातळ ओला काळा, जिथं तिथं पाणी. सप्टेंबरअखेर सोनकीचा पिवळा रंग पसरतो. हे तिन्ही महिने एका टेबलावर आले, की बघणाऱ्याला काहीतरी चुकतंय हे कळतं, काय चुकतंय ते सांगता आलं नाही तरी.

रचनेची सुरुवात सपाट प्लायवूडनं करू नये. सपाट फळीवर जमीन नेहमी रुळांच्या वरच जाते, खाली कधी उतरत नाही, आणि खरी रेल्वे तर अर्धा वेळ भरावावरून जाते. उघडी चौकट करून त्यावर फक्त रुळांपुरती पट्टी उचलून धरली, की दोन्हीकडे जमीन खाली सोडता येते. चौकटीची ही पद्धत रूढ करण्यात लिन वेस्टकॉट यांचा मोठा वाटा. ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकाचे हे एके काळचे संपादक. डोंगराच्या कवचाची त्यांची पद्धतही जगभर गेली: पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची किंवा जाळीची ढोबळ आकृती करायची, कागदी रुमाल पातळ प्लास्टरमध्ये बुडवून तिच्यावर पसरायचे, सुकलं की पोकळ पण टणक डोंगर तयार. दिवाळीत किल्ला केलेल्या कुणालाही ही पद्धत शिकवायला नको. विटा-दगडांच्या ढिगावर चिखलात बुडवलेलं गोणपाट पसरायचं, त्याच्या घड्यांतून सोंडा आणि घळी आपोआप उतरतात, हे महाराष्ट्रातल्या मुलांच्या हातात आधीपासून आहे. फक्त चिखलाच्या जागी प्लास्टर ऑफ पॅरिस आणि गोणपाटाच्या जागी जुनं सुती कापड घ्यायचं. कापडाचे दोन-तीन थर द्यावेत, कारण आपलं बाजारातलं प्लास्टर वेस्टकॉट वापरत त्या हायड्रोकॅलइतकं कडक होत नाही. थर्माकोल किंवा फोम कोरूनही डोंगर होतो आणि वजनाला हलका असतो. मात्र त्यावर स्प्रेचा रंग किंवा उग्र वासाचा डिंक लावला तर तो विरघळतो. पाण्यात मिसळणारे रंग आणि फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंकच तिथं चालतो.

आता कातळ. इथं परदेशी पुस्तकं आपल्याला फसवतात. आल्प्स किंवा रॉकी पर्वताचे खडक तिरके, वाकलेले, दुमडलेले असतात आणि बाजारात मिळणारे रबरी साचे त्यांचेच असतात. सह्याद्री लाव्हाच्या थरांनी झाला आहे आणि ते थर जवळजवळ आडवे आहेत. प्रत्येक थराचा टणक भाग उभा कडा होतो, वरचा सच्छिद्र, मऊ भाग झिजून गवताचा उतार होतो, पुन्हा वर कडा, पुन्हा उतार. दोन थरांमध्ये कुठंकुठं विटकरी मातीची पातळ रेघ दिसते. डोंगरमाथे सपाट असतात ते याचमुळे. लेआउटवर यातून एक सोपा नियम निघतो: दरीच्या एका बाजूला कड्याची पट्टी ज्या उंचीवर आहे, साधारण त्याच उंचीवर ती समोरच्या बाजूलाही हवी. कारण दरी नंतर कोरली गेली, थर आधीचे आहेत. पाण्याच्या नळीनं पातळी काढून कवचावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा माराव्यात आणि कडे त्या रेघांवरच बसवावेत. एवढ्यानंच डोंगर सह्याद्रीचा दिसू लागतो, रंगाचा एक थेंबही न लावता.

कड्यांसाठी साचे स्वतः केलेले बरे. रस्त्याकडेच्या फोडलेल्या कातळाचा हातभर स्वच्छ भाग निवडायचा, त्यावर ब्रशनं लेटेक्सचे चार-पाच थर द्यायचे, मध्ये जाळीदार कापड घालायचं आणि सुकल्यावर सोलून काढायचं. या साच्यात प्लास्टर ओतून ते घट्ट व्हायला लागताच कवचावर दाबायचं. रंग देताना घट्ट रंग फासू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काळ्या शाईचे थोडे थेंब टाकून ते मिश्रण कातळावर सोडलं, की भेगांत काळोख साचतो आणि उंचवटे फिकट राहतात. बसाल्टला आपण काळा पत्थर म्हणतो खरं, पण कोरडा असताना तो करडा-तपकिरी असतो, त्यावर दगडफुलाचे फिके ठिपके असतात. काळा होतो तो पावसात. कोकण रेल्वे करणाऱ्यांना जांभ्याचं काम येईल. जांभा जवळपास उभा कापला तरी टिकतो, ताजा कापलेला लाल, आणि दोन-चार पावसाळ्यांनंतर शेवाळानं काळवंडलेला. ज्या कटिंगवर दरड रोखायला तारेची जाळी लावलेली आहे, तिथं बारीक नेटच्या कापडाचा तुकडा हुबेहूब काम देतो.

जमिनीला खऱ्या मातीसारखं दुसरं काही नाही. माती वाळवायची, बारीक चाळणीनं चाळायची, ओव्हनमध्ये तापवून त्यातली किड्यांची अंडी मारायची. आणि मग तिच्यावरून लोहचुंबक फिरवायचं. ही पायरी आपल्याकडे अजिबात टाळू नये, कारण बसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात, आपल्या मातीत आणि नदीच्या काळ्या रेतीत ते भरपूर उतरतात, आणि इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक ते ओढून घेतं. चुंबकाला चिकटलेली काळी पूड पाहिली की पुन्हा कधी कुणी विसरत नाही.

गवताचा प्रवास मजेदार आहे. आधी रंगवलेला लाकडाचा भुसा, मग १९७५ मध्ये सुरू झालेल्या ‘वुडलँड सीनिक्स’सारख्या कंपन्यांनी आणलेला दळलेला फोम, आणि आता विद्युतभारित नायलॉनचे धागे. हे धागे पाडणाऱ्या उपकरणाची एक तार ओल्या डिंकात खोचलेल्या खिळ्याला जोडतात. चाळणीतून पडणारा प्रत्येक धागा विद्युतभारामुळे उभा राहून डिंकात रुततो. दोन मिलिमीटरचा धागा एचओमध्ये वीतभर गवत होतो, सहाचा गुडघ्याएवढं, बाराचा कमरेएवढं. हे गणित लक्षात ठेवावं. दिवाळीच्या किल्ल्यावर उगवलेले अळीव सुंदर दिसतात, पण चार सेंटिमीटरचा कोंब इथं साडेतीन मीटरचा होतो, माणसाच्या दुप्पट. तयार मिळणाऱ्या धाग्यांची हिरवाई युरोपातल्या कुरणांची असते. आपल्यासाठी गवती पिवळा, मातकट तपकिरी आणि थोडा हिरवा मिसळावा, आणि मिश्रण पठारावर, उतारावर, ओढ्याकाठी वेगवेगळं ठेवावं. पाणी साचतं तिथं दाट आणि उंच, कातळ उघडा आहे तिथं तुरळक. बकऱ्या चरतात त्या टेकाडावर अगदी आखूड. सगळीकडे सारखं गवत म्हणजे गालिचा.

रंगाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. लेआउटकडे आपण साधारण साठ सेंटिमीटरवरून बघतो. एचओमध्ये हे अंतर बावन्न मीटर होतं. बावन्न मीटरवरून कुठलाच रंग डब्यातल्याइतका गडद दिसत नाही, मधली हवा तो फिका करते. म्हणून घरं, झाडं, फलक, अगदी डब्यांचा रंगसुद्धा किंचित पांढरा-करडा मिसळून बसवावा लागतो. जसजसं मागं जावं तसतसं हे मिश्रण वाढत जातं, आणि मागच्या पडद्यावर डोंगररांगा तीन पदरांत रंगवल्या, प्रत्येक पदर आधीच्यापेक्षा फिका आणि निळसर, तर हातभर खोलीत कोसभर अंतर उभं राहतं. आकाश वर गडद, क्षितिजाजवळ जवळजवळ पांढरं. पडद्याचे कोपरे गोल ठेवावेत आणि रस्ता थेट पडद्यात घुसू देऊ नये. त्याआधीच तो झुडपांमागं वळवावा.

झाडांसाठी तांब्याच्या बारीक तारा पिळून खोड-फांद्या कराव्यात किंवा टोकाला बारीक फुटवे असलेले वाळके रानतुरे गोळा करावेत. पूर्वी नॉर्वेहून येणारं ग्लिसरीनमध्ये मुरवलेलं दगडफूल सर्रास वापरत. झाडाची ओळख पानांपेक्षा आकारात असते: आंबा घुमटासारखा आणि बुंध्यापासून दाट, साग सरळ आणि विरळ, ताड-माड वेगळेच. जंगल दाखवायचं तर फक्त पुढची रांग नीट करावी, मागे नुसते शेंडे पुरतात.

पाणी शेवटी ओतायचं, पण ठरवायचं अगदी आधी. रेझिन पारदर्शक असतं. पाण्याचा रंग तळ रंगवूनच येतो. कडेला वाळूचा रंग, मधे गडद हिरवट, आणि पावसाळी ओढा असेल तर सगळाच गढूळ तांबूस. रेझिन पातळ थरांत, एक सुकला की दुसरा असं ओतावं. एकदम जाड ओतलं तर ते तापतं आणि तडकतं. धबधब्यासाठी प्लास्टिकच्या कागदावर चकचकीत ॲक्रिलिक जेलच्या उभ्या रेघा ओढून सुकवायच्या, सोलायच्या आणि कड्यावर टांगायच्या. दूधसागरचा पूर्ण धबधबा कुणाच्या घरात मावणार नाही, पण तिथल्या रेल्वेपुलाच्या वरचा आणि खालचा एकेक टप्पा दाखवला तरी जागा ओळखू येते.

आणि आता रूळ, जे आधी टाकले होते. नव्या रुळांच्या कडा चांदीसारख्या चमकतात. त्या गंजाच्या तपकिरी रंगानं रंगवायच्या, चमक फक्त वरच्या पृष्ठभागावर ठेवायची. आपल्या रुळांखालची खडी जास्तीत जास्त ६५ मिलिमीटरची, म्हणजे एचओमध्ये पाऊण मिलिमीटर. पाकिटातली बरीचशी खडी याहून मोठी असते आणि रुळांमध्ये धोंडे टाकल्यासारखी दिसते. खडी कोरडीच पसरून ब्रशनं नीट बसवावी, मग पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा थेंब टाकून ते फवारावं आणि त्यानंतर पातळ केलेला पांढरा डिंक ड्रॉपरनं सोडावा. साबणामुळे डिंक खडीत मुरतो, नाहीतर थेंबांचे गोळे होतात. सुकल्यावर दोन रुळांमधली पट्टी ब्रेकच्या धुळीसारखी तपकिरी करावी. सिग्नलपाशी, जिथं इंजिन थांबून राहतं, तिथं तेलाचे काळे डाग. रुळांकडेनं गँगमनच्या रोजच्या फेरीची पायवाट. वस्ती जवळ असेल तर भराव तिरका चिरत गेलेली आणखी एक वाट, कारण लोक फाटकापर्यंत जात नाहीत.

आपल्या भारतीय छंदिष्टांपुढं एक जुनी अडचण आहे. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा; १:८७ मध्ये तो १९.३ मिलिमीटर भरतो, पण बाजारातला रूळ १६.५ मिलिमीटरचा, कारण तो युरोपच्या मापाचा. काही जण रूळ स्वतः घालतात, बहुतेक जण फरक पोटात घालतात. मला दुसरा मार्ग मान्य आहे. रूळ तीन मिलिमीटरनं अरुंद आहे हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, पण कडा तिरका बसला तर येतं.

सुरुवात करायची असेल तर पूर्ण लेआउटला हात घालू नका. तीस बाय साठ सेंटिमीटरची एक चौकट घ्या आणि तिच्यावर एक मोरी करा: भराव, त्यावर रुळांचा सरळ तुकडा आणि खालून जाणारा ओहोळ. एवढ्याशा जागेत कवच, दगडी बांधकाम, माती, गवत, खडी आणि पाणी, सगळ्यांचा सराव होतो. खऱ्या मोरीपाशी जाऊन आधी दोन्ही तोंडं पाहून या. वरच्या अंगाला गाळ, पालापाचोळा, अडकलेल्या काटक्या असतात आणि ओहोळ रुंद, उथळ झालेला असतो. खालच्या अंगाला पाणी जोरात पडून खड्डा झालेला असतो, मोठे गोटे उघडे पडलेले असतात, भिंतीच्या पायाशी शेवाळ असतं. मॉडेलमध्ये बहुतेक जण दोन्ही बाजू सारख्याच करतात. तुम्ही त्या वेगळ्या करा, आणि रेझिन सुकेपर्यंत वर खोकं पालथं घालून ठेवा, म्हणजे त्यावर धूळ बसणार नाही.